तिसरं पाणी

हैदराबादच्या गौलीगुड्यात भांडी घासणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण राख वस्त्रगाळ करून घेणारी गंगू एकटीच. बाकीच्या बाया चुलीपुढची राख मुठीनं उचलायच्या, आणि तीत खडा आला तर ते भांड्याचं नशीब. गंगू नवऱ्याच्या जुन्या धोतराचा तुकडा मडक्याच्या तोंडाला बांधून राख चाळायची, आणि तीही फक्त लाकडाची. दगडी कोळशाची राख तिच्या मडक्यात कधी पडली नाही. त्या राखेनं कल्हई जाते, कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी कळकते, आणि आमटी कळकली की स्वयंपाकिणीचं नाव जातं, हे ती कोणी विचारलं नाही तरी सांगायची.

तांब्या-पितळेला चिंच. ती विकत घ्यावी लागत नसे. हैदराबादेत चिंचेवाचून कोणाचं जेवण होत नाही, तेव्हा कोळ काढून उरलेला चोथा ती बाईंकडून मागून घ्यायची आणि झाकून ठेवायची. तुपातेलाच्या भांड्यांना रिठ्याचं पाणी, तेही बेतानं, कारण रिठा जास्त झाला तर भांडं कडू होतं. ॲल्युमिनियमच्या वाट्यांना सगळे जर्मनच्या वाट्या म्हणत. त्यांना ती राख लावत नसे, राखेनं त्या काळवंडतात. तव्याला तर नुसतं गरम पाणी आणि नारळाची शेंडी. कोणत्या भांड्याला काय लागतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत तिचं तीच शिकली होती, आणि म्हणूनच तिला त्याचा मोठा तोरा होता.

ती पद्मावतीबाईंच्या खानावळीत भांडी घासायची. बाईंचे सासरे निजामाच्या दफ्तरात हुद्द्यावर होते, नवरा वकील. नवरा गेल्यावर बाईंनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाट मांडले आणि गावोगावाहून नोकरीला आलेल्या मराठी कारकुनांना जेवू घालायला सुरुवात केली. साठ पानं दुपारी, साठ संध्याकाळी. खानावळ घातली तरी बाईंनी सोवळं सोडलं नाही. गंगूनं परसात हौदापाशी घासून, विसळून पालथी घातलेली भांडी बाई तशीच आत नेत नसत. मागच्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या, तांब्यातलं थोडं पाणी ढिगावरून फिरवायच्या, मग उचलायच्या.

पोलीस ॲक्शनच्या वर्षी उदगीरकडचं गाव सोडून गंगू आणि अंबाजी शहरात आले, त्याला आठ वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी ते पाणी गंगूला फार लागलं. आपण लखलखीत केलेलं भांडं आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा धुतलं जातं, म्हणजे आपला हात लागून ते बाटलं होतं, एवढं तिला कळत होतं. पुढं तिनं त्या वेळी मान खाली घालायची सवय केली. तेवढ्यात दुसरं भांडं हातात घ्यायची. पण विसरली मात्र नव्हती.

छप्पन साल होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले होते आणि एक नोव्हेंबरपासून मराठी जिल्हे मुंबई राज्यात जाणार होते. दफ्तरांच्या वाटण्या चालल्या होत्या. कोणाचं नाव कोणत्या राज्याच्या यादीत, फेहरिस्तीत, आहे याशिवाय पंगतीला दुसरं बोलणं नव्हतं. बाईंच्या साठातली चाळीस पानं उठणार होती.

गंगूच्या घरी वेगळंच संकट होतं. अंबाजी सिकंदराबादच्या मालधक्क्यावर हमाल होता. श्रावणात ज्वारीचं पोतं पाठीवर घेताना फळीवरून पाय सरकला आणि तो पोत्यासकट खाली आला. तेव्हापासून खोलीत चटईवर उताणा. बसता येई, वाकता येत नसे. पाच फूट दहा इंचाचा माणूस, बायकोनं चपला पुढं सरकवल्याशिवाय दारापर्यंत जाऊ शकत नव्हता. घर गंगूच्या दोन हातांवर चाललं होतं, आणि ती बोलून दाखवत नसली तरी अंबाजीला ते दिवसभर छताकडं बघत पडल्या पडल्या कळत होतं.

ऑक्टोबरात बाईंच्या बहिणीचा मुलगा मुकुंद मदतीला आला. पोरगा बी.ए. झालेला, मनानं चांगला, पण पुस्तकातलं सगळं कालच छापून आल्यासारखं बोलायचा. त्यानं परसात येऊन राखेचं मडकं पाहिलं, चिंचेच्या चोथ्याचा वास घेतला आणि नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी आबिड्सच्या बाजारात जाऊन त्यानं हिरव्या कागदात गुंडाळलेल्या सोड्याच्या साबणाच्या डझनभर वड्या आणल्या. आता राखेचे दिवस गेले, असं त्यानं मावशीला सांगितलं. मोठ्या हॉटेलांत ताटं साबणानं धुतात.

बाईंनी एकच विचारलं, साबणात चरबी तर नाही? मुकुंदनं कागदावरचं इंग्रजी वाचून दाखवलं, तेलाचा आहे म्हणाला. बाईंना मोडी येत होती, उर्दू फर्डी येत होती, इंग्रजी येत नव्हती. त्यांनी मान हलवली.

गंगूनं वाद घातला नाही. तिनं एक वडी पदरात बांधली आणि दुपारी घरी आली. खोलीबाहेरच्या दगडावर तिनं चार भांडी मांडली: तेलकट पितळी तांब्या, कल्हईचं पातेलं, जर्मनचं ताट आणि तवा. अंबाजी दारात भिंतीला टेकून बसला. त्याला वाटलं, आता ही साबणाला नावं ठेवणार आणि आपल्याला हो म्हणायचंय. त्यानं आधीच दोन-चार शिव्या तयार ठेवल्या होत्या.

तेलकट तांब्या एका हातात साफ झाला. गंगूनं तो उन्हात धरून फिरवला. पातेल्याची कल्हई जशीच्या तशी राहिली. पण जर्मनच्या ताटावर साबण थोडा वेळ राहिला तेवढ्यानं करड्या रंगाचे ढग उठले, आणि तव्यानं वर्षाचं मुरलेलं तेल सोडलं. संध्याकाळी भाकरी तव्याला चिकटली तेव्हा तिनं ती उलथन्यानं खरवडून स्वतःच्या ताटात घेतली.

मग तिनं विसळून पाहिलं. पहिल्या पाण्यानंतर बोट भांड्यावरून नुसतं घसरत होतं. दुसऱ्या पाण्यानंतर घसरायचं थांबलं, पण नाकाशी नेलं तर वास होता. तिसऱ्या पाण्यानंतर ओलं बोट फिरवलं तशी भांड्यानं कुर्र केलं. तिनं चारही भांडी पुन्हा पुन्हा करून पाहिली. दर वेळी तिसऱ्या पाण्यालाच आवाज येई.

“साबन चांगला हाय,” ती म्हणाली.

अंबाजीचा विरस झाला. “चांगला हाय? मंग दोन घंटे काय बघायलीस?”

“कशाला चांगला हाय ते बघायले. तुपातेलाला चांगला. जर्मनला नक्को, तव्याला नक्को. आन तीन पानी पायजेत. दोनानं भागत न्हाई.”

हे तिनं दुसऱ्या दिवशी मुकुंदला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याचं लक्ष हौदाकडं होतं. नळ सकाळी दोन तास येई आणि हौद तेवढाच भरे. दोन्ही वेळच्या साठ ताटांना, वाट्यांना आणि तपेल्यांना तीन तीन पाणी म्हटल्यावर हौद तिसऱ्या प्रहरालाच आटणार होता. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि हसून म्हणाला, “एक पाणी तू घाल. वरून मावशी घालतातच. झाली की दोन. आणि वाट्यासुद्धा साबणानंच, काळ्या पडल्या तर पडू देत.”

गंगूच्या ओठांवर वाक्य आलं होतं. बाईंचं पाणी म्हणजे ओंजळभर, तेही ढिगाच्या वरच्या ताटावर पडतं, खालच्यांना शिवतही नाही. पण बाईंच्या सोवळ्याच्या पाण्यात काही कमी आहे, असं परसात उभं राहून बोलायचं कसं? आठ वर्षं ज्या पाण्याकडं तिनं बघितलं नव्हतं, त्याबद्दल तोंड उघडायची तिला लाज वाटली. तिनं वाक्य गिळलं आणि कामाला लागली. चूक झाली ती तिथं, आणि पुढं ती तिनं स्वतःशी कबूलही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई तपेल्यात ताक घुसळायला बसल्या तर ताकाला असा फेस आला की बाई खूश झाल्या. दही छान लागलं, म्हणाल्या. फेस काही बसेना.

पहिल्या पाटावर एकनाथराव बसायचे. परभणीकडचे हेडक्लार्क, तीस वर्षांची नोकरी, बाईंच्या खानावळीत आठ वर्षं एकाच पाटावर. त्यांनी भातावर ताक घेतलं, घास तोंडात घातला आणि थांबले. पानावर थुंकायचा संस्कार नव्हता. त्यांनी डोळे मिटून घास गिळला आणि वाटी हळूच बाजूला सारली. शेजारच्यानं एवढी सभ्यता दाखवली नाही. तो उठून चुळा भरायला पळाला, आणि मग पंगतभर एकच गलका झाला.

मुकुंदचा चेहरा उतरला. त्यानं मागच्या दाराशी जाऊन गंगूला हाक मारली आणि तिला पंगतीच्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. इतक्या वर्षांत तिनं ती खोली आतून पाहिली नव्हती. तिच्या कोपरापर्यंत साबण होता, लुगडं गुडघ्याशी ओलं होतं, आणि चाळीस-पन्नास पुरुष हात थांबवून तिच्याकडं बघत होते. मुकुंदनं फेसाची वाटी तिच्यापुढं धरली.

“विसळायचा कंटाळा केलास ना?” तो म्हणाला.

चोर म्हटलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. बाई तिथं उभ्या होत्या. त्या ना मुकुंदकडं बघत होत्या ना गंगूकडं, नुसत्या ताकाच्या तपेल्याकडं बघत होत्या. परवा, एकतीस तारखेला, जाणाऱ्या मंडळींची निरोपाची पंगत होती. जिलबी आणि मठ्ठ्याचा बेत होता. इतक्या वर्षांच्या अन्नाला शेवटी साबणाची चव लागावी हे त्यांना सहन होत नव्हतं. उद्यापासून येऊ नकोस, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या.

संध्याकाळी वस्तीच्या आडावर बातमी गंगूच्या आधी पोचली होती. भामा नावाची शेजारीण घागर भरता भरता, ताकाला फेस कसा आणायचा ते आम्हालाही शिकव, म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. गंगूनं घागर अर्धीच भरली आणि परत आली. ज्या बाईचं नाव विसळण्यावरून गेलं तिला गौलीगुड्यात कोण काम देणार होतं? आणि अंबाजीची पाठ तर अजून वाकत नव्हती.

तिनं अंबाजीला सगळं सांगितलं. त्यानं दाराशी पडलेल्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाला, “गावात लोक म्हनायचे, अंबाजीनं उचललेलं पोतं काट्यावर घालायला नक्को. आता मला चप्पल उचलता येत न्हाई. माझं जे गेलं ते गेलं. तुझं तू जाऊ देऊ नको.”

त्यानं रिठे मागून घेतले आणि बसल्या बसल्या फोडून दिले. कामाचं काही नव्हतं, पण दोघांनाही हात चालू हवे होते.

दुसऱ्या दिवशी, येऊ नकोस म्हटलेलं असताना, गंगू पंगतीच्या आधी परसात जाऊन उभी राहिली. पदराखाली घरच्या तीन पितळी वाट्या होत्या, परवाच कल्हई केलेल्या. एकनाथराव लवकर आले होते, सामान बांधायची दोरी मागायला. मुकुंदही होता. बाई उंबऱ्यात आल्या आणि काही बोलायच्या आत गंगू म्हणाली, “बाई, काम नका देऊ. पर म्या कंटाळा केला का न्हाई, एवढं बगा आन मंग हाकला.”

तिनं हौदातलं पाणी घेतलं. तिन्ही वाट्यांना सारखं तेल माखलं, सारखा साबण लावला, सारख्या घासल्या. पहिलीला एक पाणी घातलं आणि पालथी ठेवली. दुसरीला एक पाणी घातलं, उंबऱ्याजवळ नेली आणि बाईंना म्हणाली, रोज घालता तसं पाणी घाला. बाईंनी तांब्या आणला, वरून पाणी फिरवलं. तिसरी वाटी तिनं हौदापाशी तीन पाण्यांनी धुतली, ओलं बोट फिरवलं. वाटीनं कुर्र केलं. ते एकनाथरावांनाही ऐकू आलं.

मग बाईंना ताक घालायला सांगितलं. बाईंनी वरूनच तिन्ही वाट्यांत ताक सोडलं. गंगूनं मुकुंदकडं बोट केलं. “दादांनी प्यावं.”

मुकुंदनं पहिली वाटी तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं. ते अपेक्षितच होतं. दुसरी घेतली. तीच चव, तोच बुळबुळीत घोट. त्यानं वाटीत पाहिलं, मावशीकडं पाहिलं, मग खाली ठेवली. तिसरी वाटी तो सगळी प्यायला.

“तिसरीत काय केलंस?” एकनाथरावांनी विचारलं.

“तीन पानी घातली. बाकी कायबी न्हाई, साहेब.” मग ती बाईंकडं वळली. दोन दिवसांपूर्वी गिळलेलं वाक्य आता अडलं नाही. “बाई, तुमचं पानी देवासाठी हाय. साबनासाठी न्हाई.”

मुकुंद काहीतरी म्हणायला गेला तर बाईंनी हातानंच थांबवलं. त्यांनी खाली वाकून दुसरी वाटी उचलली, नाकाशी नेली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं आपण ज्या पाण्यानं भांडं शुद्ध करत होतो, त्यानं वाटीवरचा साबणसुद्धा गेला नव्हता. सोवळ्याच्या बाईला हे कळायला फार वेळ लागला नाही, पण पचायला थोडा लागला. मग उद्या सकाळी लवकर ये म्हणाल्या.

गंगू हलली नाही. येते, म्हणाली, पण जिथं कंटाळा म्हटलं तिथंच तो शब्द परत घ्यायला हवा. मुकुंद कानापर्यंत लाल झाला. पण पोरगा मनानं चांगला होता, हे मी आधीच सांगितलंय. दुपारच्या पंगतीत पहिलं वाढणं झाल्यावर तो दारात उभा राहिला आणि म्हणाला की कालची चूक माझी होती, गंगूबाईंनी मला तीन पाणी लागतील असं आधीच सांगितलं होतं. ‘गंगूबाई’ हे त्याचं त्यानंच जोडलं. परसात परत कामाला बसलेल्या गंगूनं ते ऐकलं आणि हातातल्या परातीवर जरा जास्तच जोर दिला.

एकतीस तारखेला उजाडताच मुकुंदनं धोतर खोचलं. नळाचं पाणी पुरणार नव्हतं, म्हणून तो शेजारच्या आडावरून घागरी आणत होता. बी.ए. झालेल्या खांद्याची सालं निघाली. गंगूनं दोनदा त्याला कमी भरत जा असं सांगितलं आणि दोन्ही वेळा त्यानं ऐकलं नाही.

पंगत मोठी झाली. बदली झालेले, न झालेले, सगळे बसले. कोणी औरंगाबादला निघालं होतं, कोणी नांदेडला. हसत होते, एकमेकांच्या पानात आग्रहानं जिलब्या घालत होते, आणि मधूनच एखादा जिलबी हातात धरून भिंतीकडं बघत होता. मठ्ठा तीनदा फिरला. एकनाथरावांनी चार वाट्या घेतल्या आणि चौथी रिकामी करून पालथी धरून सगळ्यांना दाखवली.

परसात तुपानं माखलेल्या ताटांचा डोंगर आला. गंगूनं लुगडं खोचलं आणि भांडी वेगळी केली. तुपाच्या ताटांना साबण. वाट्यांना चिंचेचा चोथा, साबण नाही. तळणीच्या कढईला गरम पाणी आणि काथ्या. मठ्ठ्याच्या तपेल्याला आतून वस्त्रगाळ राख, हलक्या हातानं. बोटांच्या चिरांत सोडा शिरून आग होत होती. कंबर भरून आली होती. तिनं एकही ताट दोन पाण्यांवर सोडलं नाही. मुकुंद घागर ओतायचा आणि ती बोट फिरवून ऐकायची. चौसष्टावं ताट पालथं पडलं तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि पुढच्या दारात टांगे लागले होते.

बाई तांब्या घेऊन मागच्या उंबऱ्यात आल्या. सवयीनं गंगूनं मान खाली घातली आणि दुसरं भांडं शोधलं. दुसरं भांडं उरलं नव्हतं. तिनं वर पाहिलं. बाई ताटांच्या ढिगाकडं बघत उभ्या होत्या, तांब्या कलता धरलेला, पाणी काठाशी आलेलं.

“बाई, पानी घाला,” गंगूच म्हणाली.

“तुझी तीन झाली ना?”

“झाली.”

“मग आता चौथं कशाला?” बाई म्हणाल्या. त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला, पदर खोचून वाकल्या, आणि गंगूच्या हातची ताटं दोन्ही हातांनी छातीशी धरून तशीच आत घेऊन गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा नेली. ढीग संपला. गंगूचे डोळे भरले होते आणि तिनं ते पुसले नाहीत, कारण हाताला चिंच होती.

घरी जाऊन अंबाजीला हे सांगायचं होतं. तो दोनदा सांगायला लावणार, हे तिला ठाऊक होतं. ती निघाली आणि उंबऱ्यापाशी थांबली. तांब्या तिथंच राहिला होता, पाण्यानं भरलेला, बाहेरून काळपट. तिनं त्यातलं पाणी तुळशीला घातलं, चोथा लावून तांब्या लाल होईतो घासला, तीन पाण्यांनी धुतला आणि बाईंच्या उंबऱ्यावर पालथा घातला.